गरिबीचा अभ्यास हीच ज्यांची नोकरी

दर ऑक्टोबरात अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर होतं आणि दोन-तीन दिवस विकास, विषमता, गरिबी हे शब्द बातम्यांत येतात. 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकल क्रेमर यांना ते मिळालं, तेव्हा गरिबीवरच्या प्रयोगांची चर्चा झाली. 2024 मध्ये दारोन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना मिळालं, तेव्हा काही देश श्रीमंत आणि काही गरीब का, यावर लेख आले. मग बातमी मागे पडते आणि वाचकाच्या मनातले साधे प्रश्न तसेच राहतात. गरिबीवर संशोधन करणं ही नोकरी कशी काय असू शकते? त्यात ही माणसं दिवसभर काय करतात? आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना दहा-पंधरा वर्षं का लागतात?

हे प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटतात. सरकारं, बँका आणि संस्था या लोकांच्या निष्कर्षांवर कोट्यवधींची धोरणं उभी करतात. त्या निष्कर्षांना किती वजन द्यायचं हे ठरवायचं असेल, तर ते ज्या कारकिर्दीतून बाहेर पडतात ती कशी चालते हे आधी समजून घ्यायला हवं. कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते बाजूला पडतात, हे पुष्कळदा नोकरीच्या रचनेवरच ठरतं.

## मुळात हा विषय कोणता?

गरीब देश आणि गरीब माणसं गरीब का राहतात, आणि त्यांचं जगणं कशाने सुधारतं, याचा अभ्यास म्हणजे विकास अर्थशास्त्र. शेती, शाळा, आरोग्य, कर्ज, स्थलांतर, सरकारी कारभार हे सगळं त्यात येतं. स्वतंत्र विषय म्हणून तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आकाराला आला. वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत होत्या आणि नव्या देशांपुढे प्रश्न होता, आता पुढे काय?

या पिढीतलं आर्थर लुईस यांचं आयुष्य पाहिलं की विषय आणि कारकीर्द दोन्ही समजतात. 1915 मध्ये सेंट लुसिया या छोट्या कॅरिबियन बेटावर त्यांचा जन्म झाला. त्यांना इंजिनीअर व्हायचं होतं, पण त्या काळच्या ब्रिटिश वसाहतीत कृष्णवर्णीय इंजिनीअरला नोकरी देणार कोण? म्हणून ते शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वाणिज्य शिकायला गेले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. 1948 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले. 1954 मध्ये त्यांचा तो गाजलेला निबंध आला. त्याचं सार असं: शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं अडकलेली असतात, ती उद्योगांकडे वळतात, आणि ही फाजील श्रमशक्ती संपेपर्यंत उद्योगांतली मजुरी फारशी वाढत नाही. पुढे ते घानाचे आर्थिक सल्लागार झाले, वेस्ट इंडीज विद्यापीठाचे कुलगुरू झाले, प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले, कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष झाले. 1979 मध्ये नोबेल मिळालं.

वर्ग, सरकार, विद्यापीठाचं प्रशासन, बँक आणि पुन्हा वर्ग असा तो प्रवास होता. आजच्या तरुण संशोधकाला असं फिरणं अवघड जातं. ते का, हे पुढे येईलच.

## पीएचडीची पाच-सहा वर्षं कशात जातात?

पहिली दोन वर्षं गरिबीशी जवळजवळ संबंध येत नाही. गणित, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचे मूळ सिद्धांत शिकायचे आणि कठीण परीक्षा द्यायच्या. ज्यांना माणसांविषयी कळवळा आहे म्हणून या विषयात यावंसं वाटतं, त्यांच्यातले बरेच जण इथेच खचतात.

त्यानंतरचं काम आणखी अवघड असतं: स्वतःचा प्रश्न शोधणं. विषय महत्त्वाचा असून भागत नाही. ज्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही आणि उपलब्ध माहितीतून जे खात्रीने देता येईल, असा प्रश्न लागतो. एस्थर डफ्लो यांच्या प्रबंधातलं उदाहरण घ्या. इंडोनेशियाने 1973 ते 1978 या काळात तेलाच्या पैशातून 61,000 हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे मुलं शाळेबाहेर जास्त, तिथे शाळाही जास्त. डफ्लो यांनी दोन गोष्टी एकत्र पाहिल्या: माणूस कुठल्या जिल्ह्यात जन्मला आणि शाळा बांधल्या तेव्हा त्याचं वय काय होतं. ज्यांचं शाळेचं वय उलटून गेलं होतं त्यांना नव्या शाळांचा उपयोग नव्हता, लहानांना होता. जास्त शाळांच्या आणि कमी शाळांच्या जिल्ह्यांत हा थोरल्या-धाकट्यांतला फरक कसा बदलतो हे ताडून त्यांनी दाखवलं की शाळांमुळे शिक्षण वाढलं आणि पुढे मजुरीही वाढली. नवी पाहणी करावी लागली नाही, आधीच गोळा झालेले आकडे पुरले. लागली ती नजर. पीएचडीची वर्षं ती नजर कमावण्यात जातात.

## "लोकांना विचारायचं आणि लिहून घ्यायचं, त्यात एवढं काय?"

ही शंका मी बऱ्याचदा ऐकली आहे. एकच उदाहरण देतो, कारण त्यात सगळं आलं.

भारतात 1950 पासून राष्ट्रीय नमुना पाहणी होते. कुटुंब किती आणि कशावर खर्च करतं, हे विचारून त्यावरून गरिबीचा अंदाज बांधला जातो. पूर्वी अन्नावरचा खर्च गेल्या 30 दिवसांचा विचारत. प्रयोग म्हणून काही कुटुंबांना तो 7 दिवसांचा विचारून पाहिला. आठवड्याची आठवण ताजी असते, त्यामुळे खर्चाचा आकडा वाढला आणि त्या हिशेबाने गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. कोणाच्या ताटात घासभरही वाढला नव्हता, फक्त प्रश्न बदलला होता. मग 1999-2000 च्या पाहणीत एकाच कुटुंबाला दोन्ही प्रश्न शेजारी-शेजारी विचारले. परिणाम असा झाला की एक उत्तर दुसऱ्याच्या जवळ ओढलं गेलं आणि आधीच्या वर्षांशी तुलनाच करता येईना. नव्वदच्या दशकात भारतातली गरिबी खरोखर किती कमी झाली, यावर त्यानंतर वर्षानुवर्षं वाद चालला. अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांच्यासारख्यांना हे आकडे तुलना करण्याजोगे बनवण्यासाठी मोठी मेहनत घ्यावी लागली. डीटन यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं, त्यामागे घरगुती खर्चाच्या मोजमापावरचं असं काम होतं.

म्हणून पाहणीची प्रश्नावली बनवायलाच महिने लागतात. प्रश्न स्थानिक भाषेत नेमके मांडायचे, थोड्या घरांत तपासून पाहायचे, प्रगणकांना, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहून घेणाऱ्यांना, शिकवायचं, काही घरी दुसऱ्यांदा जाऊन उत्तरं जुळतात का पाहायचं. पैसा, आजारपण, घरातलं भांडण यांविषयी अनोळखी माणसाला कोणी लगेच खरं सांगत नाही. सांगितलेलं उत्तर विश्वासार्ह ठरतं ते प्रगणकाच्या कौशल्याने. निबंधाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव नसतं, याची मला नेहमी खंत वाटते.

## "तसं झालं नसतं तर?"

या विषयाचा गाभा हा प्रश्न आहे. सर्दीला औषध घेतलं आणि आठवड्याने बरं वाटलं, तर औषधाने बरं वाटलं की सर्दी आपोआप गेली? एकाच माणसाकडे पाहून हे सांगता येत नाही. एखाद्या योजनेचंही तसंच. योजना आली आणि उत्पन्न वाढलं, एवढ्यावरून योजनेचं श्रेय ठरत नाही.

त्यावरचा एक उपाय म्हणजे यादृच्छिक चाचणी. कोणत्या गावांना योजना आधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सरासरीने सारखे असतात, त्यामुळे नंतर दिसणारा फरक योजनेचा मानता येतो. मेक्सिकोने 1997 मध्ये मुलांना शाळेत पाठवणाऱ्या कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना सुरू केली, तेव्हा 506 वस्त्यांमध्ये अशी तुलना ठेवली होती. पुढे सरकार बदललं तरी योजना टिकली, त्यात या पुराव्याचा वाटा होता.

छोट्या कर्जांची गोष्ट याहून बोलकी आहे. एकेकाळी सूक्ष्मकर्ज म्हणजे गरिबीवरचा रामबाण असा सूर जगभर होता. हैदराबादेत 104 वस्त्या निवडून त्यांतल्या निम्म्यांत आधी कर्जशाखा उघडल्या. अशाच पाहण्या इथिओपिया, मोरोक्को, मंगोलिया, मेक्सिको आणि बोस्निया इथेही झाल्या. 2015 मध्ये सहाही निष्कर्ष एकत्र छापले गेले. काहींना धंदा वाढवायला मदत झाली, पण गरिबीतून बाहेर काढणारा मोठा बदल सरासरी कुटुंबाच्या बाबतीत दिसला नाही. हैदराबादचं काम 2005 च्या सुमारास सुरू झालं होतं. म्हणजे एका निष्कर्षामागे सुमारे दशक गेलं.

## नोकरी कशी लागते?

पीएचडीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी आपला सर्वांत चांगला निबंध पुढे करतो. त्याला या क्षेत्रात जॉब मार्केट पेपर म्हणतात. अमेरिका आणि युरोपातली विद्यापीठं, जागतिक बँकेसारख्या संस्था आणि संशोधन केंद्रं साधारण एकाच हंगामात भरती करतात. अर्ज शरद ऋतूत, मुलाखती हिवाळ्यात. त्यातून निवडलेल्यांना विद्यापीठात बोलावतात आणि तास-दीड तास व्याख्यान द्यायला लावतात. ऐकणारे पहिल्याच मिनिटापासून मधे तोडून प्रश्न विचारतात. बाहेरच्याला हे उद्धट वाटेल. पण एका निबंधावर सगळं भवितव्य टांगलेलं असताना त्याच्या भेगा तिथेच उघड झालेल्या बऱ्या, असा त्यामागचा विचार असतो.

## सहा-सात वर्षांचं घड्याळ

नोकरी लागली तरी ती कायम नसते. सहायक प्राध्यापकाला साधारण सहा-सात वर्षं मिळतात. त्यानंतर विद्यापीठ बाहेरच्या तज्ज्ञांची मतं मागवतं आणि ठरवतं: कायम करायचं की निरोप द्यायचा. या कायम होण्याला टेन्युअर म्हणतात. डफ्लो यांना ते पीएचडीनंतर तीन वर्षांतच मिळालं, पण तो अपवाद झाला.

निकाल मुख्यतः कशावर लागतो? तर निबंध कुठे छापले यावर. अर्थशास्त्रात पाच जर्नलं सर्वोच्च मानली जातात: अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, इकॉनोमेट्रिका, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी, क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स आणि रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज. निबंध पाठवला की संपादक तो दोन-चार परीक्षकांकडे देतो. ते आक्षेप काढतात, लेखक दुरुस्त्या करतो, पुन्हा आक्षेप येतात. पाहणी सुरू झाल्यापासून निबंध छापून येईपर्यंत सहा-आठ वर्षं सहज जातात. म्हणजे माणसाचं घड्याळ आणि कामाचं घड्याळ एकमेकांशी जुळतच नाही.

मला या कारकिर्दीची सर्वांत मोठी अडचण इथे दिसते. ज्याला सहा वर्षांत काहीतरी दाखवायचं आहे, तो वीस वर्षं चालणारा प्रश्न कसा हाती घेईल? सरकारात दोन वर्षं सल्लागार म्हणून गेला तर ती वर्षं हिशेबात फारशी धरली जात नाहीत. एखाद्या देशाची भाषा शिकण्यात, तिथली जुनी दप्तरं वाचण्यात वेळ घातला तर त्याचंही तेच. लुईस यांच्यासारखं फिरणं आज टेन्युअरनंतरच परवडतं. पाच जर्नलांच्या या वर्चस्वावर जेम्स हेकमन यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानेच कडक टीका केली आहे.

आणखी एक परिणाम म्हणजे "फरक दिसला नाही" हा निष्कर्ष छापायला कठीण जातो. पण एखादी योजना चालत नाही हे कळणं, चालते हे कळण्याइतकंच मोलाचं आहे. त्यावर काही उपाय झाले आहेत. 2013 पासून अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदवही आहे. संशोधकाने चाचणीआधीच तिथे आपला बेत नोंदवायचा, म्हणजे नंतर सोयीचे तेवढेच निष्कर्ष पुढे करता येत नाहीत. जर्नल ऑफ डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सने 2018 पासून, निष्कर्ष हाती येण्याआधीच केवळ बेत पाहून निबंध स्वीकारण्याची सोय केली. ही सोय इतर जर्नलांनीही करावी, असं मला मनापासून वाटतं.

## "गरिबांवर प्रयोग करणं बरोबर आहे का?"

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये. बचावाची बाजू अशी की पैसा किंवा माणसं अपुरी असल्याने बहुतेक योजना एकदम सगळीकडे जाऊच शकत नाहीत. मग आधी कोणाला, हे ओळखीपाळखीवर ठरण्याऐवजी चिठ्ठीवर ठरलं तर ते अधिक न्याय्य आहे. शिवाय विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते आणि सहभागी होणाऱ्याची संमती घ्यावी लागते.

पण परवानगी मिळाली म्हणजे सगळं योग्य ठरलं, असं होत नाही. नैरोबीतल्या वस्त्यांमध्ये थकबाकीदार घरमालकांचं पाणी तोडण्याच्या कारवाईचा परिणाम एका अभ्यासात तपासला होता. 2020 मध्ये तो बाहेर आला तेव्हा जोरदार टीका झाली, कारण पाण्याविना राहण्याची पाळी भाडेकरूंवर येत होती. अशी टीका झालीच पाहिजे. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांच्यातलं कोणी नीतिसमितीत नसेल, तर समितीला काय दिसत नाही हे तिला कोण सांगणार?

## "एका गावातलं उत्तर दुसऱ्या गावी चालतं का?"

आपोआप नाही चालत. डीटन यांचा चाचण्यांवरचा मुख्य आक्षेप हाच आहे: काय झालं हे चाचणी सांगते, का झालं हे कळल्याशिवाय ते दुसरीकडे नेता येत नाही. दुसरा आक्षेप असा की चिठ्ठ्या टाकून तपासता येतील असेच प्रश्न मग निवडले जातात. देशाचं चलन, जमीन सुधारणा, उद्योगधोरण यांची चाचणी कशी करणार? 2024 च्या विजेत्यांनी वसाहतींचा इतिहास धुंडाळला, तो याच कारणाने. मोठ्या प्रश्नांना वेगळी साधनं लागतात, आणि त्यांची उत्तरं चाचणीइतकी निःसंदिग्ध नसतात. मला वाटतं, विषयाला दोन्हींची गरज आहे आणि एकाच साधनाचा मान वाढला की तरुण मंडळी तिकडेच वळतात.

काही प्रश्न मात्र चिकाटीनेच सुटतात. केनियाच्या पश्चिमेकडे बुसिया भागात 75 शाळांतल्या मुलांना टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या देण्याचं काम 1998 मध्ये सुरू झालं. त्यात क्रेमर यांच्याबरोबर एडवर्ड मिगेल होते, आणि मिगेल तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. 2004 मध्ये निबंध आला: शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, गोळी न घेतलेल्या मुलांनाही संसर्ग कमी झाल्याने फायदा झाला, परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हेच आकडे पुन्हा तपासले, काही चुका दाखवल्या आणि मोठा वाद झाला. मूळ लेखकांनी आपली सगळी आकडेवारी खुली केली होती म्हणूनच तो वाद होऊ शकला. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा शोधून काढलं. 2021 मध्ये वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष छापले गेले: ज्यांना दोन-तीन वर्षं जास्त गोळ्या मिळाल्या, त्यांच्या घरचा खर्च करण्याची क्षमता सुमारे 14 टक्के जास्त होती. तोपर्यंत मिगेल ज्येष्ठ प्राध्यापक झाले होते.

## ज्याला या वाटेने जायचं आहे त्याच्यासाठी

गणित आणि संख्याशास्त्र जितकं लवकर पक्कं कराल तितकं बरं. अर्थशास्त्राची पदवी नसली तरी चालते, गणिताचा पाया नसेल तर फार अडतं. आकड्यांवर काम करण्यासाठी आर, पायथन किंवा स्टेटा यांपैकी एक तरी साधन हाताळता यायला हवं. पीएचडीला अर्ज करण्याआधी वर्ष-दोन वर्षं एखाद्या प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून काम करण्याची आता रीतच पडली आहे. ते काम जिथे पाहणी चालू आहे तिथे मिळालं तर सोडू नका. प्रगणकांबरोबर फिरा, ते प्रश्न कसा विचारतात ते ऐका, लोक कुठे अडखळतात ते टिपून ठेवा. पुढे शेकडो निबंध वाचताना हेच अनुभव उपयोगी पडतात, कारण कोष्टकातला एखादा आकडा पाहून तो कसा मिळाला असेल याचा अंदाज तुम्हाला बांधता येतो. आणि प्रवेश मिळाल्यावर मार्गदर्शक निवडताना त्यांनी किती निबंध छापले हे पाहाच, पण त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि स्वतःच्या प्रश्नांवर काम करत आहेत का, हेही त्या विद्यार्थ्यांनाच विचारून घ्या.